तिसरे पुस्तक



एका भगिनीचे पत्र बरेच दिवस आमच्या टेबलावर पडून होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. पहिला असा, की सगळ्या घराने एकत्र बसून पाहावा आणि मध्येच कुणाला धावत जाऊन रिमोट शोधावा लागू नये, असा मुलांचा एखादा चित्रपट सांगा. दुसरा प्रश्न पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात होता. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा फार भित्रा आहे. अंधाराला भितो, कुत्र्याला भितो, पाण्याला भितो, वर्गात उभे राहून स्वतःचे नाव सांगायलाही भितो. "टीचर, याचे काय करू?" असे त्यांनी विचारले होते.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतील असे आम्ही धरून चाललो होतो. मग एका पावसाळी रविवारी भावाच्या घरी गेलो असता जुन्या डीव्हीड्यांच्या ढिगात एक चित्रपट हाती लागला. त्याचे नाव 'द पेजमास्टर'. अमेरिकेत १९९४ साली निघालेला. बाहेर पाऊस कोसळत होता, मुले कंटाळली होती, म्हणून लावून दिला. सव्वा तासाचा खेळ. पाहून झाल्यावर मुले भजी खायला पळाली आणि आम्ही मात्र जागचे हललो नाही. का, ते सांगतो; पण आधी गोष्ट ऐका.

रिचर्ड टायलर नावाचा एक मुलगा आहे. 'होम अलोन'मधला तो खोडकर पोरगा, मॅकॉले कल्किन, त्यानेच हे काम केले आहे. पण इथे तो अगदी उलट्या स्वभावाचा आहे. या रिचर्डला सगळ्याची भीती वाटते आणि आपण भितो हे योग्यच कसे, याची आकडेवारीही त्याला तोंडपाठ आहे. शिडीवरून पडून किती टक्के लोकांना इजा होते, हे तो वडिलांना ऐकवतो. वडील बिचारे त्याच्यासाठी झाडावर लाकडी खोपटे बांधत आहेत आणि मुलगा काही वर चढायला तयार नाही. घरात आईवडिलांची आपसात कुजबुज चालते, ती आपल्या घरांतही चालते तशीच: याचे व्हायचे कसे?

वडील त्याला खिळे आणायला पाठवतात. सायकलवर निघालेल्या रिचर्डला वाटेत वादळ गाठते. विजा कडाडतात, तो घाबरून समोर दिसेल त्या इमारतीत शिरतो. ते असते एक भले मोठे ग्रंथालय. आत ग्रंथपाल मिस्टर ड्युई एकटेच बसलेले. हे काम क्रिस्टोफर लॉईड यांनी केले आहे. रिचर्डला फक्त घरी फोन करायचा आहे, पण ड्युई साहेब त्याच्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीत. त्याला नको असताना ते त्याच्या नावाचे ग्रंथालयाचे कार्ड करून हातात देतात.

फोन शोधत रिचर्ड एका घुमटाखाली येतो. छतावर पुस्तकांतली पात्रे रंगवलेली आहेत. त्याच्याच कोटाच्या पाण्यावरून तो घसरतो, डोके आपटते, शुद्ध हरपते. डोळे उघडतो तर छताचे रंग वितळून खाली ओघळू लागलेले. त्या रंगांचा लोट पुस्तकांच्या मांडण्यांमधून त्याचा पाठलाग करतो आणि त्याला गाठतो. इथे खराखुरा मुलगा चित्रातला मुलगा होऊन जातो. यापुढचा बहुतेक चित्रपट हा हाताने काढलेल्या चित्रांचा आहे.

आता त्याला बाहेर पडायचे आहे, पण वाट पुस्तकांमधूनच जाते. पेजमास्टर, म्हणजे लिहिलेल्या शब्दांचा राखणदार, त्याला तसे सांगतो. सोबतीला तीन पुस्तके मिळतात, हातपाय आणि तोंड असलेली. एक साहसाचे, समुद्री चाच्यासारखे गुरगुरणारे. त्याला आवाज पॅट्रिक स्टुअर्ट यांचा. दुसरे परीकथेचे, फटकळ पण मायाळू. त्याला आवाज व्हूपी गोल्डबर्ग यांचा. तिसरे भयकथेचे, कुबड आलेले आणि गंमत म्हणजे स्वतःच सगळ्यात भित्रे. त्याला आवाज फ्रँक वेल्कर यांचा. तिघांची अट एकच: आम्ही तुला वाट दाखवू, पण बाहेर जाताना आम्हाला तुझ्या कार्डावर घरी घेऊन जा. वर्षानुवर्षे मांडणीवर पडून राहिलेल्या पुस्तकांची तक्रार आणखी काय असणार?

वाटेत डॉक्टर जेकिल भेटतात आणि डोळ्यांदेखत त्यांचा मिस्टर हाईड होतो. समुद्रात कॅप्टन एहॅब पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेला भेटतो. लाँग जॉन सिल्व्हर आपल्या चाच्यांसह भेटतो. शेवटी आग ओकणारा एक अजस्र ड्रॅगन रिचर्डला गिळतो. त्याच्या पोटात पुस्तके पडलेली असतात. त्यांतले एक जॅक आणि घेवड्याच्या वेलाचे. रिचर्ड ते उघडतो, त्यातून वेल वाढतो आणि वेलाला धरून तो ड्रॅगनच्या पोटातून सुटतो. मग पेजमास्टर त्याला सांगतो, की ही सगळी संकटे तुझ्या वाटेत आम्ही मुद्दामच ठेवली होती. सोप्या वाटेने तुला सोडले असते तर तू आलास तसाच परत गेला असतास.

शुद्धीवर येतो तेव्हा रिचर्डजवळ तीन पुस्तके पडलेली असतात. नियम असा, की एका वेळी दोनच पुस्तके न्यायची. मिस्टर ड्युई क्षणभर थांबतात आणि या एका वेळेपुरते म्हणून तिसरेही देऊन टाकतात. त्या रात्री आईवडील घरी येऊन शोधतात, तर मुलगा झाडावरच्या खोपट्यात पुस्तकांशेजारी झोपलेला.

खरी माणसे आणि काढलेली चित्रे एका पडद्यावर आणण्याचा खेळ काही नवा नाही. १९१४ साली विन्सर मॅके नावाचे चित्रकार रंगमंचावर स्वतः उभे राहून मागच्या पडद्यावरच्या गर्टी नावाच्या डायनासोरला हुकूम सोडत आणि ती चित्रातली गर्टी ते पाळल्यासारखे करी. १९२३ मध्ये तरुण वॉल्ट डिस्नेने एका खऱ्या मुलीला कार्टूनच्या दुनियेत सोडले. १९४५ च्या 'अँकर्स अवे'मध्ये जीन केली टॉम-जेरीतल्या जेरी उंदराबरोबर नाचले. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये खरी माणसे चित्रातल्या पेंग्विनांबरोबर नाचली आणि १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये तर माणूस आणि कार्टून एकमेकांना ढकलताना दिसले. आपल्याकडच्या 'तारे जमीं पर'मध्ये छोट्या ईशानसमोर अक्षरे नाचू लागतात आणि गणिताच्या पेपरात ग्रह फिरू लागतात, तेही याच घराण्यातले. 'पेजमास्टर'मध्ये मात्र ही सरमिसळ कथेच्या सोयीने वापरली आहे. खऱ्या माणसांचा भाग सुरुवातीला आणि शेवटी. तो जो जॉन्स्टन यांनी दिग्दर्शित केला. मधली चित्रांची दुनिया म्हणजे पुस्तकाच्या आत असणे.

आता खरे सांगायचे तर चित्रपट काही सर्वगुणसंपन्न नाही. त्या काळी तो चालला नाही. अमेरिकेत त्याने सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर मिळवले आणि खर्च त्याहून बराच जास्त झाला होता. आम्हालाही त्यात दोन उणिवा दिसल्या. एक म्हणजे पुस्तके भेटतात ती मुखपृष्ठापुरती. एहॅब येतो, भाला फेकतो, जातो. तो असा का झाला हे मुलांना कळत नाही. दुसरी उणीव आपल्या बाजूने पाहिल्यावर दिसते. त्या घुमटाखाली जवळजवळ सगळी दुनिया पश्चिमेचीच आहे. 'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपाने १८८३ साली आले. त्याच १८८३ साली लखनौच्या नवल किशोर प्रेसने मुहम्मद हुसेन जाह यांच्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला भाग छापला होता. तिलिस्म म्हणजे तरी काय? माणूस एका जादूच्या मुलखात शिरतो आणि बाहेर पडायची वाट आतूनच शोधावी लागते. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये, म्हणजे त्या झोळीत, सगळे जग मावते. आमच्या दादीला लिहिता येत नव्हते, पण हातिमताईचे सात सवाल तिला पाठ होते. आमच्या मुलांना लाँग जॉन सिल्व्हर माहीत आहे आणि अमर अय्यार माहीत नाही, याचा दोष त्या अमेरिकन चित्रपटाला कसा द्यायचा? दास्तान सांगणारी दादी गेली आणि आम्ही ती जागा भरली नाही.

शेजारचे एक भाईजान त्या दिवशी मुलांना न्यायला आले होते. पडद्यावर जादूगार पाहून त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "आपा, हे जादूबिदू मुलांना दाखवणं ठीक आहे का?" प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. आम्ही त्यांना म्हणालो, "मुलांनाच विचारू या." त्यांच्या लेकीला विचारले, हे खरे असते का? ती म्हणाली, "नाही आपा, खरं नसतं. ती गोष्ट आहे. खरं तर अल्लाहच करतो." भाईजान हसले. अकीदा आणि कहाणी यांतला फरक मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर कळतो, पण तो कळायला कुणीतरी शेजारी बसलेले असावे लागते. मुलाच्या हाती मोबाईल देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो तर हा प्रश्न विचारणार कोण? एक सूचना मात्र देतो. जेकिलचा हाईड होतो तो भाग आणि ड्रॅगनचा भाग सहा वर्षांखालच्या मुलांना जड जाईल. आमचा धाकटा भाचा तिथे आमच्या ओढणीत तोंड खुपसून बसला होता.

आता त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

वीस वर्षे वर्गात उभे राहून आम्ही एक पाहिले आहे. काही मुले जात्याच जपून पाऊल टाकणारी असतात आणि त्यात वाईट काहीच नाही. पण बऱ्याच मुलांची भीती ही त्यांची स्वतःची नसते, ती घरातून उसनी आलेली असते. "पळू नको, पडशील." "तिकडे जाऊ नको, कुत्रं आहे." "पावसात भिजू नको, ताप येईल." रिचर्डच्या तोंडी टक्केवारी आहे, आमच्या घरांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप आहेत. आणि खोटे कशाला बोला, आपल्या घरांत आणखी एक भीती आहे, ती आपण मुलांसमोर नीट बोलतही नाही. "त्या बाजूला कशाला जातोस, आपल्या मोहल्ल्यात खेळ." "जास्त प्रश्न विचारू नको, गप्प बस." आईबापांना काळजी वाटते ती उगाच नाही, हे आम्हीही आईच आहोत म्हणून जाणतो. पण मुलाला कारण कळत नाही, फक्त आवाजातली थरथर कळते. मग तो अंधारालाही भितो आणि स्वतःचे नाव सांगायलाही भितो.

चित्रपटातल्या वडिलांचे आम्हाला आवडले ते हे, की ते मुलाला भित्रा म्हणून हिणवत नाहीत आणि त्याला चढायला लावत बसत नाहीत. त्याला खिळे आणायला पाठवतात. लहानसे, खरे काम. भगिनींनो, तुमच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला पाठवा. उरलेले पैसे मोजून आणायला सांगा. दादाजींचे औषध आणायला पाठवा. पहिल्या दिवशी मागोमाग जा, पण त्याला दिसू नका. धीर अशा कामांनी येतो. आणि रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवा. गोष्टीतले संकट पुस्तक मिटले की थांबते, आणि तरी मुलाने ते आतून पार केलेले असते. फार भीती वाटली तर पान उलटायची सोय त्याच्याच हाती असते.

हे सगळे लिहून लेख इथे संपवता आला असता. पण त्या रविवारी आम्ही जागचे का हललो नाही, ते अजून सांगितलेले नाही.

आम्ही तो चित्रपट पुढच्या आठवड्यात शाळेत सातवीच्या वर्गाला दाखवला. संपल्यावर एका मुलीने हात वर केला. एरवी ही मुलगी फार बोलत नाही. तिने विचारले, "टीचर, आपल्या शाळेत मिस्टर ड्युई कोण आहेत?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण उत्तर आम्हाला ठाऊक होते. आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे स्टाफरूममधली दोन लोखंडी कपाटे. त्यांचा चार्ज गेली सहा वर्षे आमच्याकडे आहे. किल्ली आमच्याच ड्रॉवरमध्ये असते. आणि ती कपाटे वर्षातून दोनदा उघडतात, एकदा साठा तपासणीला आणि एकदा धूळ झटकायला. पुस्तक हरवले तर पैसे चार्जवाल्याने भरायचे, फाटले तर लेखी कारण द्यायचे. त्यामुळे सगळ्यात सोपे काय, तर देऊच नये. मुलांनी मागितले की आम्ही म्हणत असू, "पुढच्या आठवड्यात बघू." सहा वर्षे तो पुढचा आठवडा आला नाही. रिचर्डला आकडेवारीची भीती होती, आम्हाला साठा नोंदवहीची.

मिस्टर ड्युईंचे नाव काही सहज ठेवलेले नाही. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली पुस्तकांना आकड्यांनी लावायची पद्धत छापली आणि जगभरची ग्रंथालये अजून ती वापरतात. तीत इस्लामवरच्या पुस्तकांचा आकडा २९७ आहे. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात गेलात तर मुलांना तो शोधायला लावा, गंमत येते. पण आम्हाला त्याहून जवळचे वाटतात ते आपले डॉ. एस. आर. रंगनाथन. ते मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला नियम इतका साधा, की शाळेतल्या पोरालाही कळावा: पुस्तके वापरण्यासाठी असतात. बी.एड. करताना आम्ही यावर टीप लिहून गुण मिळवले होते. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिनही आम्ही दरवर्षी फलकावर सुवाच्य अक्षरात लिहितो. आणि किल्ली ड्रॉवरमध्ये. ज्या दीनचा पहिला हुकूम 'इक्रा', म्हणजे वाच, असा आला, त्याचे नाव घेणाऱ्या शिक्षिकेच्या ड्रॉवरमध्ये.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कपाट उघडले. आत उर्दूची आणि मराठीची पुस्तके एकमेकांना चिकटून बसलेली. 'किशोर'चे जुने अंक, 'फास्टर फेणे'चे काही भाग, अलिफ लैलाच्या गोष्टी, सीरतची लहान पुस्तके. काहींची पाने कधी उलटलीच गेली नव्हती. सातवीच्या दोन मुलींनी शंभर पानी वही आखली. एका वेळी दोन पुस्तके, आठ दिवसांनी परत, असा नियम केला. हेडसरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

आता तीन महिने झाले. सगळे गोड गोड झाले असे सांगणार नाही. चार पुस्तके फाटली, दोन पावसात भिजली, एक हरवले आणि त्याचे पैसे आम्ही भरले. काही मुले पुस्तक नेतात आणि न वाचताच परत आणतात, ते पानांवरून कळते. पण साठेक मुले नेमाने नेतात. पाचवीतला एक मुलगा आपल्या अम्मीला रोज दोन पाने वाचून दाखवतो, कारण तिला वाचता येत नाही आणि गोष्टीत पुढे काय झाले हे तिला हवे असते. हे तिनेच आम्हाला पालक सभेत सांगितले.

ज्यांच्या मुलांच्या शाळेत असे बंद कपाट आहे त्यांनी पालक सभेत विचारावे: किल्ली कुणाकडे आहे? रागाने नको, आपलेपणाने विचारा. आम्हाला कुणी आधी विचारले असते तर बरे झाले असते. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणीही काढून ठेवा. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत, गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली आहेत. मुलाला सोबत न्या, कार्डावर त्याचे स्वतःचे नाव येऊ द्या, मोहल्ला ओलांडून जावे लागले तरी जा. तिथे बसलेले काका-मावशी तुमच्या मुलाला नावाने ओळखू लागले, की एक रस्ता त्याच्या ओळखीचा होईल.

गेल्या शनिवारी तीच मुलगी, ड्युई कोण म्हणून विचारणारी, दोन पुस्तके हातात घेऊन उभी होती. वहीत नोंद झाली तरी जाईना. तिसरे एक पुस्तक मांडणीवर होते, तिची नजर तिकडे. दुसऱ्या मुलीने वही पुढे करून सांगितले, "नियम दोनचा आहे." दोघी आमच्याकडे पाहू लागल्या.

चित्रपट तिघींनी पाहिलेला होता. काय करायचे ते आम्हाला वेगळे कुणी सांगावे लागले नाही. वहीत तिच्या नावापुढे तिसरी ओळ आम्ही आमच्या हाताने लिहिली.